घराचे दप्तर : हिमालयातील एका समाजाने जपलेली स्मृती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा जुन्या आठवणींना उजाळा मिळणे स्वाभाविक असते. स्मरणिकेसाठी घरोघरी जुनी छायाचित्रे शोधली जातात. आणि मग एक गोष्ट हटकून ध्यानात येते : छायाचित्र सापडते, पण त्यातील माणसे सापडत नाहीत. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे उभे असलेले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती नुकतीच काळाच्या पडद्याआड गेलेली असते. कागद उरतो आणि त्याचा अर्थ हरवतो. आजच्या विषयाचे मूळ या हरवण्यात आहे.

जैन समाजाला ही जाणीव नवी नाही. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेले. ऐकलेले ज्ञान स्मरणात टिकेनासे झाले, तेव्हा ते लिहून ठेवण्याची निकड पूर्वसूरींना जाणवली. दिगंबर परंपरेनुसार गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्याजवळचे ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम ग्रंथरूपाला आला. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. दोन्ही प्रसंगांमागे एकच भान होते : जाणणारे गेले, की जाणलेलेही जाते. धर्मग्रंथांच्या बाबतीत जे भान समाजाने शतकानुशतके राखले, ते घरातील कागदांच्या बाबतीत मात्र राखले गेले नाही. हे भान हिमालयातील एका व्यापारी समाजाला कसे आले, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात गोरीगंगेच्या उगमाकडे जाणारे जोहार नावाचे खोरे आहे. तेथील शौका समाज, ज्याला सरकारदरबारी भोटिया म्हणून ओळखले जाते, पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करीत असे. खालच्या प्रदेशातून धान्य, गूळ, कापड घेऊन उंच खिंडी ओलांडायच्या आणि परतताना मीठ, लोकर, सुहागा आणायचा, असा तो क्रम होता. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्यांतून माल वाहिला जाई. उन्हाळ्यात मिलमसारख्या उंचावरच्या गावी आणि हिवाळ्यात मुनस्यारी व त्याखालच्या वस्त्यांत, असे त्यांचे वर्ष दोन घरांत विभागलेले असे.

या व्यापाराचा पाया विश्वास हा होता. प्रत्येक जोहारी व्यापाऱ्याचा तिबेटमध्ये एक ठरलेला ‘मित्र’ असे. मैत्रीचा करार होताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे केले जात. एक तुकडा इकडे राही, दुसरा तिकडे जाई. पुढे कधी मुलगा किंवा माणूस पाठवायचा झाला, तर तुकडे जुळवून ओळख पटवली जाई, असे सांगितले जाते. तो अर्धा दगड म्हणजे त्या घराचा दस्तऐवजच होता. त्याचा अर्थ ठाऊक नसलेल्या नातवाच्या हाती तो आला, तर तो अंगणात फेकून दिला जाईल. घरातील पुष्कळ कागदांची अवस्था या अर्ध्या दगडासारखीच असते.

या जोहार खोऱ्यातील मिलम गावात १८३० साली पंडित नैन सिंह रावत यांचा जन्म झाला. गावात शिक्षक म्हणून काम केल्यामुळे त्यांच्या नावामागे ‘पंडित’ लागले. भारताच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडून येथे प्रशिक्षण दिले आणि तिबेटचा नकाशा तयार करण्याच्या गुप्त कामगिरीवर पाठवले. त्यांच्या हातात जपमाळ असे, पण तिचे मणी एकशे आठ नसून शंभर होते. दर शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा, आणि नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवायचे, अशी त्यांची युक्ती होती. अशा रीतीने मोजत मोजत ते १८६६ च्या आरंभी ल्हासाला पोहोचले आणि त्या नगरीचे स्थान व उंची त्यांनी निश्चित केली. पुढे १८७४-७५ मध्ये त्यांनी लेह ते ल्हासा आणि तेथून तवांगमार्गे आसाम असा प्रवास पूर्ण केला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

आता कागदांची गोष्ट. गुप्ततेसाठी सरकारी अहवालांत या माणसाचे नाव लपवलेले होते. कोठे ‘पंडित’, तर कोठे नुसता क्रमांक. त्यांच्या प्रवासाची हकीकत जगाने वाचली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. परंतु नैन सिंहांनी स्वतःच्या हिंदीत रोजनिशी लिहिली होती. सर्वेक्षणाची पद्धत समजावणारे ‘अक्षांश दर्पण’ लिहिले होते, आणि आपल्या रावत कुळाचा इतिहासही नोंदवला होता. हे लेखन एकत्र होऊन वाचकांपर्यंत आले ते २००६ साली. नैनीतालच्या ‘पहाड’ या संस्थेच्या वतीने उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथात ते संपादित केले. ल्हासाच्या प्रवासानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी त्या प्रवाशाचा स्वतःचा आवाज लोकांना ऐकू आला. हे कागद मधल्या काळात कोणीतरी राखले, म्हणूनच हे घडू शकले.

१९६२ च्या युद्धानंतर तिबेटच्या खिंडी बंद झाल्या आणि जोहारचा व्यापार एका फटक्यात थांबला. व्यापारच नाही, तर मिलमला जायचे कशासाठी? घरे ओस पडली, छपरे कोसळली. आज उन्हाळ्यात काही कुटुंबे तेथे जातात, पण पूर्वीचे गजबजलेले गाव आता भिंतींच्या रूपानेच दिसते. तरुण पिढी शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरच्या शहरांत गेली. वह्या, पत्रे, पोशाख, लाकडी भांडी, लोकर विणण्याची अवजारे, सारे निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. अशा वेळी निवृत्त शिक्षक व इतिहासकार डॉ. शेर सिंह पांगती यांनी या वस्तू, दागिने व जुनी छायाचित्रे जमवली आणि २००० साली मुनस्यारी येथे आपल्या घरातच संग्रहालय उभे केले. भव्य वास्तू नव्हती, मोठा निधी नव्हता. एका शिक्षकाची चिकाटी आणि शेजाऱ्यांचा विश्वास एवढ्यावर ते काम उभे राहिले.

असेच दुसरे उदाहरण कारगिलचे. मुन्शी अझीझ भट हे तेथील नामांकित व्यापारी. त्यांनी १९२० साली सुरू नदीजवळ सराई बांधली. काश्मीर, लेह, यारकंद या वाटांवरचा माल तेथे उतरत असे. १९४७-४८ च्या घडामोडींनंतर वाटा तुटल्या, सराईला कुलूप लागले आणि माल आत तसाच राहिला. पुढे अनेक दशकांनी नातवंडांनी ती दारे उघडली, तेव्हा गालिचे, घोड्यांचा साज, देशोदेशींच्या किरकोळ वस्तू आणि व्यापाराची पत्रे, हिशेब, पावत्या त्यांच्या हाती आल्या. २००४ पासून कुटुंबानेच त्याचे संग्रहालय चालवले आहे. आजोबांच्या हिशेबाच्या कागदांवरून लडाखच्या व्यापाराचा इतिहास अभ्यासकांना नव्याने मांडता आला.

या दोन उदाहरणांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, समाजाचा खरा इतिहास केवळ शिलालेखांत आणि सरकारी दप्तरांत नसतो, तो घराच्या माळ्यावरही असतो. दुसरी, कागद एकाएकी नष्ट होत नाहीत. व्यवसाय बदलतो, घर बदलते, लिपी विसरली जाते, आणि मग एखाद्या दिवशी ते रद्दीत जातात. तिसरी, हे काम बाहेरून कोणी येऊन करीत नाही. घरातल्याच कोणीतरी ते हाती घ्यावे लागते.

येथे थोडे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. दिवाळीला वहीपूजन होते, नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते. जुन्या वहीचे पुढे काय होते? ती माळ्यावर जाते आणि पुनर्बांधणीच्या वेळी थेट रद्दीवाल्याकडे जाते. महाराष्ट्रातील अनेक घरांत जुने खतपत्र मोडीत आहे, आणि नातवंडांना मोडी वाचता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराघरांतील दप्तरे धुंडाळली, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत उभी राहिली. त्यांच्या हाती जे लागले नाही, ते किती होते, याची मोजदाद कोण करणार?

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सापडलेले गाठोडे लगेच सोडून कागद वेगळे करू नयेत. कोणते कागद एकत्र बांधले होते, हीसुद्धा माहितीच असते. आधी आहे त्या स्थितीत त्यांची छायाचित्रे घ्यावीत व यादी करावी. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये, तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा व ठिसूळ करतो. लॅमिनेशनचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. फॅक्सचे व पावत्यांचे गुळगुळीत कागद आपोआप पुसट होतात, त्यांच्या प्रती तातडीने काढाव्यात. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढू नये, पानासहित त्याची प्रतिमा घ्यावी. कृष्णधवल छायाचित्रे तुलनेने टिकतात. मात्र १९७०-८० च्या दशकांतील रंगीत छायाचित्रे अंधारात ठेवली तरी विटत जातात, म्हणून त्यांना प्राधान्य द्यावे.

छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, स्थळ व साल लिहावे. स्त्रियांची नावे आवर्जून लिहावीत. जुन्या नोंदींत ‘सौ.’ एवढेच लिहून पतीचे नाव घातलेले असते, आणि त्या माउलीचे स्वतःचे नाव दोन पिढ्यांतच पुसले जाते. माहेरचे नाव, गाव हेही विचारावे. हे विचारायला उशीर करू नये. कागद आणखी पाच वर्षे थांबेल, आजीबाई थांबतीलच असे नाही.

स्कॅन करताना छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय ठेवणे इष्ट. प्रती किमान तीन असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. पंचवीस वर्षांपूर्वी सीडीवर साठवलेले लग्नाचे चित्रीकरण आज किती घरांत पाहता येते, याचा विचार केला तर यंत्रावर विसंबून मूळ कागद फेकून देणे किती धोक्याचे आहे, हे कळते. मूळ प्रत थंड, कोरड्या जागी, बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावी. ग्रंथभांडारांनी ही शिकवण पूर्वीच दिली आहे : पोथी कापडात घट्ट बांधावी, कसर लागू नये म्हणून जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, आणि वर्षातून एकदा सारे बाहेर काढून निरखावे.

एक नाजूक बाबही सांगितली पाहिजे. जुन्या वह्यांत केवळ दानधर्म नसतो. कोणाचे कर्ज, कोणाची गहाण ठेवलेली जमीन, भावाभावांतील वाटणीचे वाद हेही असते. ते पाहून काही घरे संकोचतात आणि वही जाळून मोकळी होतात. तसे करू नये. ज्यांचे वंशज आज शेजारी नांदत आहेत, त्यांची लाज राखणे हीसुद्धा अहिंसाच आहे. पण त्यासाठी नाश करण्याची गरज नाही. असा कागद पाकिटात बंद करून, अमुक वर्षांपर्यंत उघडू नये अशी लेखी अट घालून ठेवता येतो. आपल्या पूर्वजांच्या चुकाही त्यात दिसतील. त्या झाकून ठेवलेला इतिहास हा केवळ गौरवग्रंथ होतो, आणि त्यातून पुढची पिढी काही शिकत नाही.

श्वेतांबर बंधू कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी आणि दिगंबर बंधू ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते, पोथ्यांची वेष्टने बदलली जातात. त्याच दिवशी प्रत्येक घराने आपले दप्तरही उघडावे. आजी-आजोबांना मध्ये बसवावे, नातवाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि एका वर्षी निदान दहा छायाचित्रांमागे नावे लिहावीत. ट्रस्टने एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी राखून ठेवली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते चिरंतन स्मारक ठरेल.

मिलमची घरे पडली, पण मिलमच्या शिक्षकाची रोजनिशी राहिली. घर वाचवणे प्रत्येकाच्या हाती नसते, घरातले कागद वाचवणे मात्र असते. शताब्दीच्या स्मरणिकेसाठी छायाचित्रे शोधणाऱ्यांना त्यातील माणसेही सापडावीत, एवढी तरतूद आजच्या पिढीने करावी, हीच विनंती.

जय जिनेंद्र!