आकडी आली, घड्याळ पाहा

समजा, पावसाळ्याची रात्र आहे. पोलादपूरच्या बाजूची, डोंगरावरची एक वाडी. दोन वर्षांच्या पोराला ताप चढला आणि एकाएकी त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. घरात एकच आकांत! कुणी कांदा फोडतो, कुणी वहाण नाकाशी धरतो, कुणी दातांत चमचा घालू पाहतो. आजी म्हणते, “बाहेरचं आहे रे, अंगारा लावा.” या धांदलीत एक गोष्ट मात्र राहून जाते. घड्याळाकडे कुणी पाहत नाही.

घड्याळ कशाला, म्हणाल. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणून तर कांद्याला नि वहाणेला यश येतं! पण पाच मिनिटं उलटली, की ती आपणहून थांबण्याचा संभव कमी होतो. जितकी लांबेल, तितकी औषधालाही दाद देत नाही. अर्ध्या तासावर गेली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचं भय असतं.

मग करायचं काय? मुलाला सपाट जागी एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, ओकारी बाहेर पडेल. गळ्याशी कपडा सैल करा. डोक्याखाली घडी केलेलं लुगडं ठेवा. चूल, दगड, विळी दूर सारा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

आपल्या डोंगरात गाडी पोचायला वेळ लागतो. म्हणून पाच मिनिटं सरण्याची वाट न पाहता 108 क्रमांकाला फोन लावा. एक आकडी थांबून शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, श्वास अडला किंवा पहिलीच आकडी असली, तर दवाखाना गाठायलाच हवा. ज्या मुलाला वरचेवर आकडी येते, त्याच्यासाठी नाकात फवारायचं मिडाझोलाम डॉक्टरांना विचारून घरी ठेवता येतं. किती फवारे द्यायचे, ते वजनावरून डॉक्टरच ठरवतात. तो कागद औषधाबरोबरच ठेवा. पाच मिनिटं झाली की ते सांगितल्याप्रमाणे द्या आणि पोलादपूर-महाडच्या सरकारी दवाखान्याची वाट धरा.

गुरुजींनो, अशा मुलाचं नाव नि आईबापांचा फोन हजेरीपटात टिपून ठेवा. वर्गात आकडी आली तर बाकीच्या मुलांना बाहेर न्या, स्वतः त्याच्यापाशी बसा. शुद्धीवर आल्यावर त्याला कुणी हिणवणार नाही, एवढं पाहा.

लोक बदलतात का? याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं. मंत्रात वेळ न दवडता दवाखाना गाठणारे वाचू लागले. आकडीचंही तसंच आहे, मंडळी. वहाण पायात घाला, नि दवाखान्याकडे चला!