रंग हरपतात तेव्हां

शाळेंत असतांना झाडाचें पान तपकिरी रंगविणाऱ्या एका मुलावर मी रागावलों होतों. त्याच्या डोळ्यांतच जन्मतः दोष होता, हें मागाहून कळलें.

परंतु डोळे निर्दोष असूनहि रंग हरपूं शकतात. १८८८ सालीं स्विस नेत्रवैद्य लुई व्हेरे यांनीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. झटका आल्यावर तिला उजवीकडील दृश्यांतले रंग दिसेनात; आकार मात्र दिसत. मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या मागील भागांत, तळाशीं, इजा आढळली. प्रकाश डोळा टिपतो. रंग घडवितो मेंदू.

म्हणून महाडच्या कारखान्यांत वा महामार्गावर डोक्यास मार लागलेला कोणी ‘तांबडा दिवा राखाडी दिसतो’ म्हणाला, तर त्यास खोटें पाडूं नका; तत्काळ मेंदूच्या वैद्याकडे न्या. माझी चूक आपल्या हातून न होवो.