सुरुवात कुठून धरायची?



१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे फ्रान्समध्ये शाटोरूच्या रेंजवर नेम धरून उभा होता आणि इकडं आपण टीव्हीपुढं श्वास रोखून बसलो होतो. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, ऑलिंपिकचं कांस्यपदक. त्याआधी २०१० मध्ये आपल्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्यांचं कौतुक आपण पोटभर केलं. आज मला त्यांच्या गोळीविषयी बोलायचंय. नववीच्या विज्ञानात पहिल्याच धड्यात ‘सुरुवातीचा वेग’ येतो आणि पुष्कळ मुलं तिथं अडतात. तो वेग या गोळीत जितका स्वच्छ दिसतो, तितका क्वचितच कुठं दिसत असेल.

‘सुरुवातीचा’ हा शब्द वाचला की मुलं शून्य लिहून मोकळी होतात. सुरुवातीला सगळं थांबलेलंच असणार, असं त्यांना वाटतं. आता चाप ओढायच्या आधीची गोळी बघा. ती नळीत स्थिर आहे, तिचा वेग शून्य. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर असतो, ध्वनीपेक्षा थोडा कमी. नळीतल्या प्रवासाचं गणित मांडलंत तर हे ३२५ म्हणजे अंतिम वेग. नळी ६५ सेंटिमीटरची धरली, तर अंतिम वेगाच्या वर्गाला दुप्पट लांबीनं भागायचं. सरासरी त्वरण येतं ८१ हजारांहून जास्त, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या आठ हजार पटींच्या वर! पण नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंतचं गणित मांडलंत, तर तेच ३२५ सुरुवातीचा वेग होतात. क्षण एकच आणि वेगही एकच. आपण घड्याळ कुठं सुरू करतो, त्यावर त्याचं नाव ठरतं. माझ्या मते हे ज्याला कळलं, त्याला अर्धा धडा कळला.

आता ही गोळी ५० मीटर कशी जाते ते पाहू. हवेचा विरोध सोडून देऊ. नळी अगदी आडवी धरली, तर ५० भागिले ३२५, म्हणजे सेकंदाच्या साधारण साडेपंधरा शतांशात ती पोचते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला ११.६ सेंटिमीटर खाली ओढतं. म्हणून नळीचं तोंड किंचित वर राहील अशी साइट लावलेली असते. सुरुवातीचा वेग ३२५ ऐवजी ३२० झाला, तर गोळी आणखी सुमारे साडेतीन मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि आठ दशांश मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. म्हणजे नेम अचूक असूनही चार दशांश गुण हातचे जाऊ शकतात. म्हणूनच मोठे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून आधी तपासून घेतात.

हा वेग मोजायचा कसा? आज यंत्रं आहेत. ती नव्हती तेव्हा, १७४२ मध्ये, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. जड लाकडी ठोकळा टांगायचा आणि त्यात गोळी मारायची. गोळी आत रुतते, ठोकळा झोका घेतो, आणि झोका किती गेला त्यावरून संवेगाच्या हिशोबानं गोळीचा वेग काढता येतो. डोळ्याला न दिसणारी गोळी त्यानं सावकाश हलणाऱ्या लाकडात वाचली. मला ही युक्ती फार आवडते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून तुम्हालाही असं काही करता येईल. गोलकीपरनं उंच मारलेला चेंडू जमिनीवर पडायला तीन सेकंद लागले, तर वर जायला दीड सेकंद. दीडला ९.८ नं गुणा. पायातून सुटताना त्याचा वरच्या दिशेचा वेग सेकंदाला १४.७ मीटर होता.

पण मुलांनो, आज रात्री घरी एक प्रयोग नक्की करा. टेबलावर वही तिरकी ठेवून तिच्यावरून गोटी सोडा आणि ती टेबलावरून घरंगळत कडेवरून खाली पडू द्या. टेबल ७८ सेंटिमीटर उंच असेल, तर गोटी ०.४ सेकंदात जमिनीवर येते, मग ती सावकाश आलेली असो की जोरात. ती ६० सेंटिमीटर लांब पडली, तर ६० भागिले ०.४. कड सोडताना तिचा वेग सेकंदाला दीड मीटर. इथं घड्याळ वहीवर नाही, कडेवर सुरू होतं. टेबल कमीजास्त उंच असेल, तर मीटरमधल्या उंचीला ४.९ नं भागून वर्गमूळ काढा, वेळ मिळेल. आणि लांबी मोजताना टेबलाच्या पायापासून मोजू नका. दोऱ्याला नट बांधून कडेवरून ओळंबा सोडा, तो जमिनीला टेकेल तिथं खडूनं खूण करा आणि त्या खुणेपासून मोजा.