चंद्रावरची कुस्ती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या सभागृहात ‘इस्रो’मध्ये आयुष्य घालविलेली मंडळी बसली आहेत. त्यांच्यासमोर माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या सरकारी नोकराने चंद्रावर बोलावे, हे धाडसच. परंतु मी ज्या चंद्राविषयी बोलणार आहे, तो आपल्या पीण्यातील केंद्राच्या पडद्यावर कधी उमटला नाही. तो मी पाहिला पुसेगावच्या यात्रेत, तंबूतल्या सिनेमात, १९८० च्या सुमारास.

खटाव तालुक्यातील पुसेगावची श्रीसेवागिरी महाराजांची यात्रा आपल्यापैकी सातारकरांना ठाऊक असेलच. रथाला नोटांच्या माळा चढतात, बैलबाजार भरतो आणि कुस्त्यांचा फड रंगतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तरुणपणी तालमीतले. खांदा निखळल्यावर लाल माती सुटली आणि बाजारात हमाली आली. पण डोळ्यांतली कुस्ती गेली नव्हती. त्या वर्षी फड संपल्यावर त्यांनी तंबूवर दारासिंगचे चित्र पाहिले आणि माझा हात धरून ते सरळ आत शिरले.

चित्रपट होता ‘चाँद पर चढाई’. १९६७ सालचा, टी. पी. सुंदरम् यांनी दिग्दर्शित केलेला, उषा खन्ना यांचे संगीत असलेला. कॅप्टन आनंद आणि त्याचा साथीदार भागू चंद्रावर उतरतात आणि तेथे राक्षसांशी व परग्रहावरच्या योद्ध्यांशी झुंजतात, एवढीच कथा. कॅप्टन अर्थातच दारासिंग आणि भागू म्हणजे आपले भगवानदादा पालव! ‘अलबेला’च्या भगवानदादांवर चंद्रावर जाण्याची पाळी आली होती, हे आज किती जणांना आठवते? त्या वेळी सोव्हिएत ‘लूना ९’ अलगद चंद्रावर उतरून वर्षच झाले होते. माणूस उतरायला आणखी दोन वर्षे होती. आमच्या दारासिंगने आर्मस्ट्राँगला असे मागे टाकले होते. (बंगळूरला आल्यावर एका तमिळ सहकाऱ्याने माझा हा गर्व उतरविला. १९६३ च्या ‘कलै अरसी’मध्ये परग्रहवासी संगीत शिकण्यासाठी नायिकेलाच पळवून नेतात आणि तिला सोडवायला एम.जी.आर. जातात, असे त्याने सांगितले.)

तंबूत खाली माती, मध्ये बायकांसाठी कापडी आडोसा. रीळ बदलताना अंधार आणि शिट्ट्या. दारासिंगने प्रतिस्पर्ध्याला कवेत घेतले की आबा गुडघ्यावर उठून ओरडत, “ढाक मार, ढाक!” आसपासची माणसे त्यांना दाद देत होती. खांदा गेल्यानंतर त्यांना इतके आनंदात मी प्रथमच पाहत होतो.

मी तेव्हा सातवीत होतो. नुकताच धडा झाला होता. मी मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असे म्हणालो, “आबा, हे सगळं खोटं आहे. चंद्रावर हवाच नाही.”

आसपासची माणसे हसली. आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “हवा न्हाई? मग त्यो दम कुठनं घेतोय रं?” आणि खाली बसले. पुढचा सगळा सिनेमा त्यांनी गप्प राहून पाहिला. घरी परततानाही ते काही बोलले नाहीत. पुन्हा कधी आम्ही दोघे सिनेमाला गेलो नाही.

आज वाटते, प्रश्न त्यांचाच खरा होता. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाचे. नव्वद किलोचा मल्ल तेथे पंधरा किलोसारखा उचलला जाईल, पण पायाची पकडही तितकीच सैल होईल. ढाक मारणाराच आधी घसरेल. हे आबांना सांगितले असते, तर रात्रभर त्यांनी डाव मांडून पाहिले असते. मला तेवढी अक्कल नव्हती. विज्ञान मिरवणारा तो मुलगा पुढे गणितात गटांगळ्या खाऊन कला शाखेत गेला, हा भाग वेगळा.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ आले. गावात एका घरी सारी आळी जमे. हनुमानाच्या वेषात दारासिंग दिसताच आबा शेजाऱ्यांना म्हणाले, “ह्यो चंद्रावर जाऊन आलेला गडी!” आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, “तितं हवा न्हाई म्हणं.” सात वर्षे त्यांनी ते जपून ठेवले होते. मी मान खाली घातली. चूक झाली, असे म्हणणे मात्र जमले नाही. नंतर बदल्या आल्या, बंगळूर आले आणि आबाही गेले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘चांद्रयान-३’ उतरले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही होते, पण त्याचे कारण मी कोणाला सांगितले नाही. रात्री घरी मोबाइलवर तो चित्रपट शोधून काढला. चित्रे पुसट, आवाज खरखरीत. दारासिंगने एका योद्ध्याला कवेत घेतले आणि माझ्या तोंडून निघून गेले, “ढाक मार, ढाक!”

स्वयंपाकघरातून सौ.नी विचारले, “कोणाशी बोलताय?”