कलदार आणि हाली
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दिल्लीत सरकार बदललं की दुसऱ्या दिवशी उद्योगपतींची निवेदनं छापून येतात. नव्या नेतृत्वाचं स्वागत, स्थैर्याची अपेक्षा, ठरलेला मजकूर. 1948 च्या सप्टेंबरात आपल्या बिदर-कलबुर्गीत नुसतं सरकार नव्हे, निजामाचं अख्खं राज्यच बदललं. तेव्हा पेठेला काय वाटलं हे निवेदनांत सापडत नाही, चोपड्यांत सापडतं.

माझ्या आजोबांचं भालकीला कापडाचं दुकान होतं. त्यांच्या मोडी चोपड्या माझ्याकडे आहेत. पानावर दोन रकाने, हाली आणि कलदार. हाली म्हणजे चारमिनारचा निजामी रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला. सात हालीला सहा कलदार, शंभर कलदारचे 116 रुपये, 10 आणे, 8 पै हाली. हे आजोबांना पाढ्यासारखं पाठ होतं, कारण धोतरजोड्या सोलापूरहून कलदारात यायच्या आणि इथं हालीत खपायच्या. मधला बट्टा चुकला की नफा गेला.

आता गंमत पाहा. 29 नोव्हेंबर 1947 ला निजामाचा हिंदुस्थानशी जैसे थे करार झाला आणि त्याच सुमारास त्याचे पंतप्रधान झाले मीर लायक अली. ते स्वतः इंजिनिअर आणि मोठे उद्योगपती. धंद्यातला माणूस गादीजवळ बसला म्हणजे धंद्याचं भलं होईल, असं आपल्याला आजही वाटतं ना? त्यांच्या सरकारनं वटहुकूम काढून हिंदी चलन राज्यात बाद ठरवलं, सोनंचांदी बाहेर न्यायला बंदी केली आणि पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देऊ केलं. पलीकडून हिंदुस्थाननं मालाची कोंडी केली. सोलापूरचा माल आटला. रझाकारांचा उच्छाद होताच. 1948 च्या मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरट्यात त्यांनी केलेली कत्तल इथं नव्यानं सांगायला नको. मोठ्या भांडवलाचं दरबाराच्या उबेवर भागत असेल, पेठेला मात्र रस्ता मोकळा लागतो.

तो मोकळा झाला तो हिंदुस्थानच्या फौजेनं. 13 सप्टेंबरला सोलापूरहून निघालेली तुकडी नळदुर्ग, हुमनाबाद, जहीराबाद अशी गेली. कापडाच्या गाठी यायच्या तीच ही वाट. 17 तारखेला निजामानं हार मानली, 18 ला जनरल चौधरींच्या हाती कारभार गेला. लायक अली नजरकैदेत पडले आणि 1950 मध्ये पाकिस्तानात निसटले. दोन रकान्यांची वही ठेवणाऱ्याला निसटायला जागा नसते.

चोपडीत हे काहीच नाही. कित्येक दिवस पानं कोरी, आणि मग पहिली नोंद येते, 'कुलूप नग 1'.

कुणाच्या भीतीनं घेतलं, लिहिलेलं नाही. पण त्या आठवड्यांत लूट मुसलमानांच्या दुकानांची होत होती. या प्रकारांची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, आणि बिदर आहेत. मुक्तीचा आनंद खरा होता. ही लूटही तितकीच खरी आहे, आणि आपल्या भाषणांतून ती गाळली जाते.

पेठ हळूहळू नव्या राज्याला सरावली. आज कलबुर्गीला नेहरू गंज आहे, बिदरला गांधी गंज आहे. 1956 च्या नोव्हेंबरात उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसुरात आलो. आजोबांची निम्मी गिऱ्हाइकं एका रात्रीत परराज्यातली झाली. त्यांनी वहीत एवढंच केलं, गावाच्या नावापुढे 'मुं.' लिहायला लागले.

हालीचा रकाना तोवर ओस पडला होता. फक्त एक खातं त्यात राहिलं, दुकानासमोर मशीन घेऊन बसणाऱ्या मुसलमान शिंप्याचं. येणे साडेसात रुपये हाली. सप्टेंबर 48 नंतर त्याची एकही नोंद नाही. दर दिवाळीला चोपडी नवी व्हायची आणि आजोबा ही बाकी पुढे ओढायचे. 1959 ला हाली कायमची बाद झाली. त्या दिवाळीच्या चोपडीतही साडेसात रुपये आहेत, हालीतच.