पाहुण्यांचं वायफाय, यजमानाची जबाबदारी

(आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून देत आहे.)

तळमजल्यावरचे दुकानदार मित्र आणि चहा गार होईपर्यंत माझं ऐकायला तयार झालेल्या बंधू-भगिनींनो,

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने मुदत ठेव, पेन्शन किंवा फार तर नॉमिनेशनवर बोलावं अशी अपेक्षा असते. त्या विषयांवर मी तुम्हाला यापूर्वी पुरेसं छळलेलं आहे. आज बोलणार आहे ते आपल्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहातल्या वायफायवर. ते बंद करावं की चालू ठेवावं, यावरून गेल्या वर्षी आपल्या सभेत किती आवाज चढले होते ते सगळ्यांना आठवत असेल. नंतर ते चालूच राहिलं, पण कसं राहिलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

आधी पार्श्वभूमी. आपल्या ताईंनी उपाहारगृह सुरू केलं तेव्हा भिंतीवर रंगाने पासवर्ड लिहून घेतला होता. गिऱ्हाइकं खूश. हळूहळू तो पासवर्ड सगळ्या आळीला पाठ झाला. डिलिव्हरीवाली मुलं पायऱ्यांवर बसू लागली, आपली नातवंडं अभ्यासाच्या नावाखाली तिथे रेंगाळू लागली, आणि आपले रात्रपाळीचे वॉचमनकाका गावाकडे मुलींशी व्हिडिओ कॉलवर बोलू लागले. यात वाईट काहीच नव्हतं.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. एका रविवारी ऐन जेवणाच्या वेळी बिलाचा संगणक अडकला, यूपीआयचे पैसे आले की नाही ते कळेना, आणि काउंटरवर रांग लागली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पोलिसांकडून चौकशी आली. एका मुलीच्या नावाने खोटं खातं काढून कुणीतरी घाणेरडे संदेश पाठवले होते आणि त्यातले काही या जोडणीवरून गेले होते. जोडणी ताईंच्या नावावर. "तुमच्याकडे त्या संध्याकाळी कोण कोण होतं?" या प्रश्नाला त्या काय उत्तर देणार? पासवर्ड तर भिंतीवर! पोलीस नीटच वागले, तो माणूस पुढे दुसऱ्या मार्गाने सापडला, आणि तो आपल्या सोसायटीतला नव्हता. पण त्या दोन-तीन आठवड्यांत ताईंची झोप उडाली. "काका, लोकांना सोय करून दिली आणि चोर ठरायची वेळ माझ्यावर आली," हे त्यांचे शब्द.

असं का होतं ते समजून घेऊ. उपाहारगृहात चाळीस मोबाइल जोडलेले असले तरी बाहेरच्या जगाला बहुतेक वेळा एकच पत्ता दिसतो, तो म्हणजे त्या जोडणीचा. बँकेत एखाद्या खात्याचं चेकबुक काउंटरवर उघडं ठेवलं आणि कुणीही सही करून गेलं, तर पहिली विचारणा खातेदारालाच होणार. तसंच हे.

आणि हे काही नवीन नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो कुठून गेला याचा माग काढत पोलीस पोहोचले ते आपल्या ठाण्याहून वाशी लोकल पकडली की लागणाऱ्या सानपाड्याला! तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या घरचं उघडं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्यांच्यामागे लागला. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातलं एक कॉलेज आणि चेंबूरमधली एक कंपनी यांच्या वायफायचाही तसाच गैरवापर झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं तर वापरणाऱ्याची ओळख हवी. एक तर फोटो ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवा आणि तो नंबर ओळख म्हणून वर्षभर जपून ठेवा. रेल्वे स्टेशनवर वायफाय वापरताना मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो, त्यामागे हेच कारण आहे. आपण बँकवाले याला केवायसी म्हणतो.

सभेत काही जण म्हणाले, "कटकटच नको, बंद करा." मी म्हटलं, दरोड्याच्या भीतीने कुणी बँक बंद करत नाही. काउंटर बांधतात, तिजोरी बसवतात, रजिस्टर ठेवतात. ताईंनी, त्यांच्या भाच्याने आणि इंटरनेटवाल्या मुलाने मिळून तेच केलं. मी फक्त प्रश्न विचारत बसलो, तपासणीला आलेल्या ऑडिटरसारखा.

पहिलं काम काउंटर बांधण्याचं. पूर्वी बिलाचा संगणक, स्वयंपाकघरातला ऑर्डरचा प्रिंटर, सीसीटीव्ही आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल सगळे एकाच जाळ्यावर होते. म्हणजे खातेदाराला थेट तिजोरीच्या खोलीत खुर्ची दिल्यासारखं. आता दोन वेगळी जाळी केली आहेत. आतल्याचा पासवर्ड ताई आणि भाचा सोडून कुणाकडे नाही. पाहुण्यांच्या जाळ्यावरून फक्त बाहेर इंटरनेटवर जाता येतं, आत डोकावता येत नाही. शिवाय एका टेबलवरच्या मोबाइलला दुसऱ्या टेबलवरचा मोबाइल दिसू नये, अशीही सोय राउटरमध्ये असते, ती चालू केली. आणि राउटरचा स्वतःचा, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. तो तसाच ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवणं.

दुसरं काम रजिस्टरचं. पाहुण्यांनी मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग जोडणी मिळते. ही सेवा महिन्याच्या भाड्याने घेतली आहे. नोंदी तेच लोक ठेवतात. भिंतीवरचा पासवर्ड पुसला. आता तो टेबलवरच्या छोट्या कार्डावर असतो आणि दर महिन्याला बदलतो. ओटीपी असताना पासवर्ड कशाला, असं मीही विचारलं. ओटीपी ओळखीसाठी आहे आणि पासवर्डामुळे मोबाइल आणि राउटर यांच्यातला संवाद हवेत उघडा राहत नाही. दोन्हीची कामं वेगळी. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेहून, दुबईहून येतात. त्यांच्या परदेशी नंबरवर ओटीपी येतोच असं नाही. त्यांच्यासाठी काउंटरवर ओळखपत्राची प्रत घेऊन कूपन देतात.

इथे ताईंना एक गोष्ट मी बजावून सांगितली. लोकांनी नंबर दिलाय तो वायफायसाठी. दिवाळीच्या फराळाच्या जाहिराती पाठवण्यासाठी नाही. २०२३ साली व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्याचं मूळ तत्त्वच हे आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा. खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशीच शिकवलं होतं.

तिसरं काम वाटपाचं. जोडणी १०० एमबीपीएसची आहे. त्यातले २० बिलासाठी आणि पैसे घेण्यासाठी राखून ठेवले. यूपीआयला खरं तर अगदी थोडं लागतं, पण ते त्या क्षणी मिळालंच पाहिजे. उरलेल्या ८० मध्ये प्रत्येक मोबाइलला जास्तीत जास्त ५. तेवढ्यात सिनेमासुद्धा स्वच्छ दिसतो. तुम्ही म्हणाल, चाळीस जणांना ५ म्हणजे २०० झाले, ते आणणार कुठून? अहो, बँकेत सगळे ठेवीदार एकाच दिवशी सगळे पैसे काढायला येत नाहीत, त्यावरच बँक चालते! बहुतेक लोक नुसते संदेश वाचत असतात. एकट्याने गेम उतरवून सगळ्यांची वाट अडवू नये, एवढाच त्या मर्यादेचा हेतू.

यातच एक गंमत. संध्याकाळी नव्या गिऱ्हाइकांना वायफाय जोडलं जायचं, पण इंटरनेट चालायचं नाही. कारण असं की राउटर प्रत्येक मोबाइलला एक आतला क्रमांक देतो आणि असे क्रमांक साधारण अडीचशेच असतात. तो क्रमांक चोवीस तासांसाठी दिला जात होता. म्हणजे सकाळी मिसळ खाऊन गेलेला माणूस रात्रीपर्यंत क्रमांक अडवून बसलेला. जुन्या मंडळींना पैसे काढताना मिळणारे पितळी टोकन आठवतील. गिऱ्हाइकं ती खिशात घालून घरी गेली असती तर दुपारनंतर काउंटर बंदच पडलं असतं. आता मुदत एक तासाची केली आहे.

चौथं काम जागेचं. राउटर होता स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रीज आणि मायक्रोवेव्हच्या मध्ये. मायक्रोवेव्ह चालतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि जुन्या पद्धतीचं वायफायही तिथेच. काही गरम करायला ठेवलं की कोपऱ्यातल्या टेबलची जोडणी डळमळायची. आता राउटर बसायच्या जागेत, छताजवळ आहे आणि पाहुण्यांना शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवलं आहे. ते वेगवान असतं, पण भिंतींतून फार लांब जात नाही. इथे तेही सोयीचंच; कंपाउंडबाहेर उभं राहून वापरणाऱ्यांची संख्या आपोआप कमी झाली. वीज गेली तर राउटरपुरता छोटा बॅटरी बॅकअप आहे आणि मुख्य लाइन तुटली तर बिलासाठी सिमकार्डावर चालणारा दुसरा डबा आहे.

बाकीच्या दुकानदारांसाठी सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात किराणावाला किंवा चहावालासुद्धा परवाना न काढता, फी न भरता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. वापरणाऱ्यांची ओळख आणि हिशेब सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्था असतात. चौकशी जरूर करा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करावं? नाव नीट वाचून जोडा. तसंच नाव देऊन दुसरं खोटं वायफाय उभं करता येतं. टेबलवरच्या क्यूआर कोडवर दुसरा कागद चिकटवलेला दिसला तर काउंटरवर सांगा. बाहेरच्या वायफायवर असताना बँकेचे व्यवहार टाळा. तेवढ्यापुरतं आपल्या मोबाइलचं इंटरनेट वापरा. आणि वायफायच्या लॉगिनला नंबर आणि ओटीपी लागतो. कार्डाचा नंबर किंवा यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. कुणी मागितला तर तिथेच थांबा.

शेवटी वॉचमनकाकांचं. नव्या व्यवस्थेत गिऱ्हाइकाला दोन तास मिळतात, पण ते गिऱ्हाईक नाहीत. सभेत हा विषय कुणी काढला नव्हता. ताईंनीच काढला. "काका, त्यांचं नाव-नंबर माझ्याकडे आहे, मला त्यांची ओळख पटलेली आहे, मग अडचण काय?" अडचण काहीच नव्हती. रात्री उपाहारगृह बंद झाल्यावर त्यांच्या आणि सफाईच्या मावशींच्या नंबरवर एक तास मिळतो. डिलिव्हरीच्या मुलांनाही ऑर्डरची वाट बघताना अर्धा तास मिळतो, आणि बसायला आता बाकडंही ठेवलं आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वार्षिक सभेत क्लब हाउसच्या वायफायचा विषय येणार आहे. तेव्हा "बंद करा" किंवा "फुकट द्या" यापलीकडे जाऊन आपण रजिस्टर कोण ठेवणार, पासवर्ड कोण बदलणार आणि बिल कोण भरणार, हे तीन प्रश्न आधी सोडवू. ताईंकडे हे सगळं वहीत लिहून ठेवलेलं आहे आणि ती वही दाखवायला त्या तयार आहेत.

चहा गार झाला असेल तर दोष माझा नाही, सेक्रेटरींनी मला वेळेवर घंटा वाजवली नाही.