तीन महिने कुणाला सांगायचं नाही?

संभाजीनगरहून बोलतेय. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण आजचा विषय आहे गरोदरपणातली मळमळ.

मला अकरावा आठवडा चालू आहे. सिडकोत घर, चिकलठाण्याला ऑफिस. शेजारच्या घरात फोडणी पडली की इकडे मी बेसिनकडे पळते. आणि नाव काय, तर म्हणे ‘मॉर्निंग सिकनेस’! माझी तर संध्याकाळ जास्त वाईट जाते.

आता गणित बघा. त्रास साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींचा १६ ते २० आठवड्यांपर्यंत ओसरतो. आणि आपल्याकडे पद्धत काय? तीन महिने कुणाला सांगायचं नाही. म्हणजे ज्या दिवसांत मदत हवी, नेमके तेच दिवस लपवायचे. टीमला वाटतं, ही हल्ली कामच टाळते.

घरात म्हणतात, ‘कडक डोहाळे आहेत, सगळ्यांनाच होतं.’ खरंय, दहातल्या सात-आठ जणींना होतं. पण हे नाटक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये संशोधन आलं: गर्भाकडून जीडीएफ१५ नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं. आधीपासून ज्यांच्या अंगात ते कमी असतं, त्यांना त्रास जास्त. त्या संशोधक टीममधल्या मार्लेना फेझो यांनी १९९९ मध्ये अशाच भयंकर उलट्यांत स्वतःचं बाळ गमावलं होतं.

उपाशीपोटी मळमळ वाढते, म्हणून मी उशाशी कुरमुरे ठेवते. पण दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, चक्कर येत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय बंद आणि थेट डॉक्टर. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, गरज पडली तर सलाईन आहे. घाटीसारख्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला हे उपचार मोफत मिळतात.

नोकरी करणाऱ्यांनो, अजून एक. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत २६ आठवड्यांच्या रजेशिवाय गरोदरपणातल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

मी सातव्या आठवड्यातच माझ्या लीडला सांगितलं. तिने सकाळची मीटिंग साडेअकराला नेली, बस्स. अख्ख्या गावाला पेढे नंतर वाटा. पण घरात एक आणि ऑफिसात एक, अशा दोघांना तरी आत्ताच सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!